पायबाइंड११: लिनक्सवर चालतं, विंडोजवर पडतं. डब्याचा मालक कोण?

शेवटची_कर्जत

नमस्कार मंडळी,

लोकलच्या वेळापत्रकाचं सिम्युलेशन करणारी एक सी++ लायब्ररी आहे आणि तिला पायबाइंड११ने पायथनचं तोंड लावलं आहे. कामाचे वर्ग दोन, `गाडी` आणि `डबा`. गाडीच्या पोटात `व्हेक्टर<डबा>`. डब्यात नाव (स्ट्रिंग), प्रवासी (इंट) आणि प्रथम_वर्ग (बूल), याच क्रमाने. (इथल्या रिवाजाप्रमाणे नावं देवनागरीत लिहितोय, कोडात अर्थातच मूळ स्पेलिंग आहे.)

पायथनमध्ये होतं ते असं:

गा = गाडी()
गा.जोड(...)  # असं बारा वेळा
ड = गा.डबा(३)
गा.जोड(...)  # आणखी तीन वेळा, १२ डब्यांची १५ डबा झाली
प्रिंट(ड.नाव)

लिनक्सवर नाव बरोबर छापलं जातं. विंडोजवर कधी रिकामी स्ट्रिंग येते, कधी युनिकोड डिकोड एरर, कधी थेट अ‍ॅक्सेस व्हायोलेशन. दोन्हीकडे सोर्स एकच.

पूर्वपीठिका: `डबा(i)` सुरुवातीला `डबा&` परत करत होतं, पॉलिसी (परत आलेल्या वस्तूचा मालक कोण ते ठरवणारा नियम) काहीच दिलेली नव्हती. तेव्हा काही पडत नव्हतं, पण `ड.प्रवासी = ३००` लिहिलं तर गाडीतल्या डब्यात बदल दिसायचा नाही. म्हणून `&` जाऊन `*` आला. मग लिनक्सवर `गा.डबा(०)` वापरल्यावर गाडी मोडताना 'डबल फ्री', आणि `गा.डबा(३)` वापरलं तर `ड` संपताक्षणीच 'इनव्हॅलिड पॉइंटर'. त्यानंतर पुन्हा `&` आणि सोबत `रेफरन्स_इंटर्नल`, म्हणजे वर लिहिलेली आजची स्थिती.

डॉक्युमेंटेशन म्हणतं की या पॉलिसीत डबा पायथनकडे असेपर्यंत गाडी जिवंत राहते. गाडी जिवंतच आहे की! मग डबा कसा मेला?

आणखी एक विचित्र गोष्ट. `गा२ = गाडी(गा)` अशी कॉपी करून, तिचा डबा हातात धरून तिला आणखी डबे जोडले तर लिनक्सवरही पडतं.

---

वडाळा_डेपो

विंडोजवर एक भाग डीबगमध्ये आणि दुसरा रिलीजमध्ये बांधलाय का? स्ट्रिंगचा आकारच वेगळा होतो तिथे.

शेवटची_कर्जत

नाही, दोन्ही रिलीज. पूर्ण साफ करून पुन्हा बांधून पाहिलं.

---

पॉइंटरपंत

कर्जत, तुमच्या शेवटच्या ओळीतच उत्तर आहे. गाडी जिवंत आहे, डबाही जिवंत आहे, फक्त तो आता त्या पत्त्यावर राहत नाही.

व्हेक्टर आपली मेमरी सलग ठेवतो. जागा संपली की मोठा तुकडा घेतो, सगळे डबे तिकडे हलवतो आणि जुना तुकडा सोडून देतो. पायथनच्या `ड`मध्ये जुन्या तुकड्यातला पत्ता आहे. `रेफरन्स_इंटर्नल` गाडीचा पायथन ऑब्जेक्ट धरून ठेवते, त्याच्या पोटातली हलवाहलव तिला कळत नाही.

आता लिनक्सवर का चालतं ते बघा. जीसीसीची लायब्ररी जागा संपली की दुप्पट करते. एकेक डबा जोडत गेलात तर क्षमता १, २, ४, ८, १६ अशी वाढते. बारा डबे झाले तेव्हा क्षमता १६ होती. तेरावा, चौदावा, पंधरावा त्यातच बसले, काहीच हललं नाही. मायक्रोसॉफ्टची लायब्ररी दीडपट करते: १, २, ३, ४, ६, ९, १३, १९. बाराव्या डब्याला क्षमता १३, म्हणजे चौदावा जोडताना सगळी गाडी हलली. आणि कॉपी कन्स्ट्रक्टर नेमकी बाराच डब्यांची जागा घेतो, म्हणून `गा२`ला तेरावा डबा लावताच लिनक्सवरही पत्ता बदलतो.

लिनक्सवर तुमचं कोड बरोबर नाही, नशीबवान आहे. सतरावा डबा लावून बघा.

`*`च्या वेळी जे झालं त्याची गंमत वेगळी. पायबाइंडमध्ये साध्या मेथडला पॉलिसी दिली नाही तर ती 'ऑटोमॅटिक' धरली जाते. तिचे नियम असे: रेफरन्स परत आला तर कॉपी कर, पॉइंटर परत आला तर *मालकी घे*. पहिल्या अवतारात तुम्ही दर वेळी कॉपी बदलत होतात. दुसऱ्या अवतारात पायथनला वाटलं की डबा माझा, आणि `ड` संपताच त्याने त्यावर डिलीट मारलं.

६४ बिट लिनक्सवर तुमचा डबा ४० बाइटचा: स्ट्रिंग ३२, इंट ४, बूल १, वर ३ भरतीचे. शून्यावा डबा म्हणजे व्हेक्टरच्या तुकड्याचा अगदी पहिला बाइट, मालॉकने (मेमरी देणाऱ्या फंक्शनने) दिलेला तोच पत्ता. त्यामुळे डिलीट बिनतक्रार झालं आणि सबंध तुकडा मोकळा झाला. पुढे गाडी मोडताना व्हेक्टरने तोच तुकडा पुन्हा सोडला, म्हणून डबल फ्री. तिसरा डबा सुरुवातीपासून १२० बाइटवर. तो पत्ता मालॉकने कधी कुणाला दिलेलाच नाही, शिवाय १६च्या पटीतही नाही, म्हणून लगेच बोंब. त्यातही जीलिबसी (लिनक्सची सी लायब्ररी) तुकड्याचा आकार पत्त्याच्या आधीच्या ८ बाइटमध्ये शोधते, आणि तिथे तुमच्याकडे दुसऱ्या डब्यातले 'प्रवासी' बसलेले आहेत! त्या आकड्यात २ची बिट लागलेली असेल तर 'इनव्हॅलिड पॉइंटर'च्या आधी 'मनमॅप_चंक' असं येईल. प्रवासी चढले-उतरले की एररचा मजकूर बदलतो.

---

चिंचपोकळी_स्लो

पंत __/\__

कर्जत, उपाय सरळ आहे. `व्हेक्टर<शेअर्ड_पीटीआर<डबा>>` करा, बाइंडिंगमध्ये डब्याचा होल्डर (पायथनच्या बाजूने डबा धरून ठेवणारा पॉइंटर) शेअर्ड_पीटीआर (वापरणारे मोजून शेवटचा गेला की सोडणारा पॉइंटर) द्या, विषय संपला. सगळीकडे शेअर्ड_पीटीआर लावला की मालकीचा विचारच करावा लागत नाही.

भाऊचा_धक्का

स्लो, शेवटच्या वाक्याला तीव्र असहमती. शेअर्ड_पीटीआरने मालकीचा प्रश्न सुटत नाही, पुढच्या स्टेशनवर जातो. तीन गोष्टी:

पहिली, होल्डर शेअर्ड असूनही एखादं फंक्शन नुसता `डबा*` मालकीसकट परत करत राहिलं, तर पायबाइंड त्या पत्त्याभोवती दुसरा, स्वतंत्र काउंटर उभा करतं. दोन काउंटर, दोघेही शून्यावर आले की दोघेही डिलीट करणार. `डबा` हा `एनेबल_शेअर्ड_फ्रॉम_धिस`वरून काढलेला असेल तर पायबाइंड आधीचा काउंटर शोधून वापरतं, नाहीतर डबल फ्री परत दारात.

दुसरी, पायथनमध्ये `डबा`चा सबक्लास करून तो सी++कडे ठेवायला दिलात, तर शेअर्ड_पीटीआर फक्त सी++ अर्धा धरून ठेवतो. पायथन अर्धा संपतो, आणि पुढे व्हर्च्युअल मेथड बोलावली की 'प्युअर व्हर्च्युअल' म्हणून रडगाणं. पायबाइंड ३.०मध्ये `स्मार्ट_होल्डर` आलाय. ट्रॅम्पोलिन वर्गाला (सी++ची व्हर्च्युअल मेथड पायथनकडे वळवणाऱ्या) `ट्रॅम्पोलिन_सेल्फ_लाइफ_सपोर्ट`ची जोड दिली तर हे सुटतं. जुन्या २.x वर हातानेच सांभाळावं लागतं.

तिसरी, रिंगण. गाडी डब्याला धरते, डबा गाडीला, दोघेही अमर.

कर्जत, डबे फक्त शेवटी जोडले जात असतील आणि मधून काढले जात नसतील, तर `डेक` (डबे तुकड्यातुकड्यांत साठवणारी, टोकांना वाढणारी रांग) वापरून बघा. डेकला शेवटी काही जोडलं तर इटरेटर बिघडतात, पण घटकांचे रेफरन्स शाबूत राहतात, हे स्टँडर्डचं आश्वासन आहे. एका शब्दाचा बदल, आणि `रेफरन्स_इंटर्नल` मग खरंच पुरते.

(मायक्रोसॉफ्टच्या डेकचा ब्लॉक जेमतेम १६ बाइटचा असतो. म्हणजे ४० बाइटचा डबा दर वेळी वेगळा अ‍ॅलोकेट होणार. जीसीसीत ५१२ बाइटचा ब्लॉक. पंधरा डब्यांना काही फरक पडत नाही, पंधरा लाखांना पडेल.)

पॉइंटरपंत

डेकला +१. `रिझर्व्ह(१५)` टाकून वेळ मारून नेऊ नका, एवढंच. आणि `बाइंड_व्हेक्टर` वापरायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, त्याचं गेटआयटमही आतला रेफरन्सच देतं. तोच खड्डा, पाटी नवी.

उलट `एसटीएल.एच` जोडून सबंध व्हेक्टर परत केलात तर पायथनला कॉपी केलेली लिस्ट मिळते. `गा.डबे.अपेंड(...)` लिहिलं की त्या लिस्टमध्ये भर पडते, गाडीला पत्ताही नसतो. एरर नाही, क्रॅश नाही, डबा मात्र गायब. हा प्रकार क्रॅशपेक्षा वाईट.

---

मसाला_कमी

वाचतेय, मस्त चाललाय धागा. पायबाइंड न वापरता थेट सी-एपीआयवर लिहिलेलं जुनं मोड्यूल सांभाळायचं असेल तर? कुठे इनक्रेफ (वापरणाऱ्यांचा काउंट वाढवणं) करायचं आणि कुठे डेकरेफ (तो कमी करणं), याचा काही नियम आहे का? की पाठांतरच?

पॉइंटरपंत

मसालाताई, नियम आहे, पण अपवादांमुळे थोडं पाठांतर लागतंच.

रेफरन्स तीन तऱ्हांनी हातात येतो किंवा हातातून जातो. *नवा*: तुमचा झाला, काम संपलं की डेकरेफ तुम्हीच करायचं. *उसना*: शेजारच्यांच्या फ्लॅटची किल्ली. वापरा, पण विकू नका, आणि शेजारी घर सोडून गेले तर किल्लीचा उपयोग नाही. *चोरलेला*: तुम्ही दिलात आणि समोरच्याने मालकीसकट घेतला, आता तुम्ही डेकरेफ करायचं नाही.

`पायलिस्ट_गेटआयटम`, `पायटपल_गेटआयटम`, `पायडिक्ट_गेटआयटम` हे उसना देतात. `पायसीक्वेन्स_गेटआयटम` आणि `पायऑब्जेक्ट_गेटअ‍ॅट्रस्ट्रिंग` नवा देतात. लिस्ट तीच, घटक तोच, पण सीक्वेन्सच्या दारातून आलात तर डेकरेफ करायचं आणि लिस्टच्या दारातून आलात तर नाही. `पायलिस्ट_सेटआयटम` आणि `पायटपल_सेटआयटम` चोरतात, अपयशी झाले तरी चोरतात. `पायलिस्ट_अपेंड` आणि `पायडिक्ट_सेटआयटम` चोरत नाहीत. सगळ्यात खट्याळ `पायमोड्यूल_अ‍ॅडऑब्जेक्ट`: यशस्वी झालं तरच चोरतं, अपयशी झालं तर डेकरेफ तुमच्याच गळ्यात. म्हणून ३.१०पासून `अ‍ॅडऑब्जेक्टरेफ` आलं, जे कधीच चोरत नाही. ते वापरा. `पाय_बिल्डव्हॅल्यू`मध्ये 'ओ' अक्षर इनक्रेफ करतं, 'एन' चोरतं.

उसन्याचा धोका अगदी जवळून: लिस्टमधून उसना घटक घेतला, मग एखादं पायथन फंक्शन बोलावलं (साधी तुलना किंवा प्रिंटसुद्धा), त्याने वाटेत ती लिस्ट रिकामी केली. तुमच्या हातातला घटक गेला. उसना घेतल्यावर पायथनचं कोणतंही कोड चालण्याची शक्यता असेल तर आधी इनक्रेफ. ३.१३मध्ये यासाठीच `पायलिस्ट_गेटआयटमरेफ` आलंय, ते नवा रेफरन्स देतं. जिलविरहित (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप नसलेल्या) बिल्डमध्ये तर दुसरा थ्रेड कधीही लिस्टला हात लावू शकतो, तिथे उसन्यावर विसंबूच नये.

फील्ड बदलताना थेट `पाय_डेकरेफ(सेल्फ->नाव); सेल्फ->नाव = नवं;` असं लिहू नका. डेकरेफमुळे डिस्ट्रक्टर चालू शकतो, आणि तो परत तुमच्याच अर्धवट ऑब्जेक्टकडे बघू शकतो. `पाय_सेटरेफ` किंवा `पाय_क्लिअर` मॅक्रो आधी फील्ड बदलतात, मग सोडतात.

वडाळा_डेपो

भर: ३.१२पासून नन, ट्रू, छोटे इंटिजर वगैरे 'अमर' आहेत, त्यांचा काउंट हलतच नाही. म्हणजे ननवर जास्तीचं डेकरेफ मारण्याची जुनी चूक नव्या पायथनवर दिसणारच नाही आणि ३.११वर अचानक पडेल. दोन्हींवर टेस्ट चालवा.

मसाला_कमी

हे सोन्यासारखं आहे. वाखूण साठवली.

---

शेवटची_कर्जत

डेक लावला, सतरा डबे जोडले, दोन्हीकडे नाव बरोबर. पंत, भाऊ, आभार.

आता दुसरा भाग. `गा.उशीर_झाल्यावर(फलन)` अशी कॉलबॅकची सोय आहे. सी++चा एक वेगळा थ्रेड घड्याळ चालवतो आणि उशीर दिसला की ते फलन बोलावतो. फलन गाडीत `पाय::फंक्शन` म्हणून साठवलं आहे. बोलावण्याआधी जिल घेतला आहे. तरी प्रोग्रॅम कधी कधी बंद होताना पडतो आणि कधी कधी लटकतो.

भाऊचा_धक्का

*पडणं.* बोलावताना जिल घेतलात, *सोडताना* घेतलात का? `पाय::फंक्शन` नष्ट होताना डेकरेफ होतं, आणि त्यालाही जिल लागतो. घड्याळाच्या थ्रेडने फलनाची प्रत काढली असेल आणि ती स्कोप संपल्यावर जिलविना मेली, तर काउंटची वाट लागते. ते लगेच पडत नाही, भलत्या ठिकाणी भलत्या वेळी पडतं. `फंक्शनल.एच` जोडून सी++ बाजूला `एसटीडी::फंक्शन` घ्या. पायबाइंडचा तो कन्व्हर्टर बोलावताना आणि नष्ट करताना दोन्ही वेळा जिल घेतो. स्वतः `पाय::ऑब्जेक्ट` साठवलं की ही जबाबदारी तुमची. चुका पकडायला `पायबाइंड११_असर्ट_जिल_हेल्ड_इनक्रेफ_डेकरेफ` हा मॅक्रो चालू करून बांधा, जिलविना हात लावला की जागच्या जागी ओरडेल.

बंद होताना पडण्याचं दुसरं नेहमीचं कारण म्हणजे स्टॅटिक किंवा ग्लोबल `पाय::ऑब्जेक्ट`. इंटरप्रिटर आवरून गेल्यावर सी++ आपले ग्लोबल मोडायला घेतं, आणि डेकरेफ करायला पायथनच उरलेलं नसतं. स्टॅटिक ठेवायचंच असेल तर मुद्दाम न सोडलेला पॉइंटर ठेवा. ही एक गळती माफ.

*लटकणं.* गाडीचा डिस्ट्रक्टर घड्याळाच्या थ्रेडला `जॉइन` करत असणार. डिस्ट्रक्टर पायथनने चालवला, म्हणजे मुख्य थ्रेडच्या हातात जिल आहे आणि तो जॉइनवर थांबलाय. घड्याळाचा थ्रेड नेमका त्याच क्षणी कॉलबॅकसाठी जिलची वाट बघतोय. सिंगल लाइनवर समोरासमोर दोन गाड्या. `गा.बंद()` अशी वेगळी मेथड द्या, तिला `कॉल_गार्ड<जिल_स्कोप्ड_रिलीज>` लावा, तिच्यात थ्रेड थांबवून जॉइन करा. पायथन बाजूने `विथ` ब्लॉकमधून वापरा. डिस्ट्रक्टरमध्ये फक्त शेवटचा उपाय म्हणून जॉइन, तोही जिल सोडून.

चिंचपोकळी_स्लो

आणि गाडी मरतच नसेल तर? `गा.उशीर_झाल्यावर(सेल्फ.कळव)` लिहिलं आणि `सेल्फ.गा = गा` असं असलं की रिंगण पूर्ण.

भाऊचा_धक्का

बरोबर. स्लो, आधीच्या वादाचं व्याज वसूल केलंत :)

पायथनचा गार्बेज कलेक्टर रिंगणं सोडवतो, पण त्यातली प्रत्येक कडी त्याला दिसली पाहिजे. सी++च्या पोटातल्या `एसटीडी::फंक्शन`मध्ये तो डोकावू शकत नाही. एक मार्ग `टीपी_ट्रॅव्हर्स` आणि `टीपी_क्लिअर` लिहिण्याचा, पायबाइंडमध्ये `कस्टम_टाइप_सेटअप`मधून. सोपा मार्ग पायथन बाजूला कमकुवत रेफरन्स. इथे एक नेहमीचा घोळ होतो: `वीकरेफ.रेफ(सेल्फ.कळव)` लिहू नका. बाउंड मेथड दर वेळी नवीन तयार होते, ती त्याच ओळीत मरते आणि तुमचा वीकरेफ जन्मतःच रिकामा. `वीकरेफ.वीकमेथड` त्यासाठीच आहे.

`कीप_अलाइव्ह`बद्दलही सांगून ठेवतो. `कीप_अलाइव्ह<१, २>` म्हणजे पहिला (नर्स) जिवंत असेतो दुसरा (पेशंट) जगवायचा. शून्य म्हणजे परत आलेली किंमत, एक म्हणजे सेल्फ. `प्लॅटफॉर्म.लाव(गाडी)` नुसता पॉइंटर साठवत असेल तर हे बरोबर. पण प्लॅटफॉर्म दिवसभर जगतो आणि दर चार मिनिटांनी नवी गाडी लागते, तर एकही गाडी मोकळी होणार नाही. गाडी सुटली म्हणून पेशंटला डिस्चार्ज मिळत नाही, नर्स मेल्यावरच मिळतो. अशा जागी शेअर्ड_पीटीआरच योग्य, हे स्लोंना देऊन टाकतो.

---

गावदेवी_गल्ली

सीटाइप्सवाल्यांसाठी (पायथनमधून थेट सी लायब्ररी बोलावणाऱ्यांसाठी) थोडक्यात.

`रेसटाइप` (फंक्शन जे परत करतं त्याचा प्रकार) दिला नाही तर तो इंट धरला जातो. ६४ बिट पॉइंटरचे वरचे ३२ बिट उडतात. पत्ता खालच्या भागात असेपर्यंत चालतं, मग एक दिवस पडतं.

`सी_कॅर_पी` रेसटाइप दिला की सीटाइप्स लगेच बाइट्स बनवून हातात देतं आणि मूळ पॉइंटर हरवतो. लायब्ररीने ती स्ट्रिंग मालॉक करून दिली असेल तर आता ती सोडणार कशी? `सी_व्हॉइड_पी` घ्या, मजकूर कॉपी करा, मग *त्याच लायब्ररीच्या* फ्री फंक्शनकडे परत द्या.

'त्याच' यावर भर आहे. विंडोजवर दोन डीएलएलचे सी रनटाइम वेगळे असू शकतात. एकाचा मालॉक आणि दुसऱ्याचा फ्री म्हणजे हीपची नासाडी. रस्टची `सीस्ट्रिंग::इनटू_रॉ` तर सी-फ्रीकडे कधीच द्यायची नाही, ती `फ्रॉम_रॉ`मधूनच परत घ्यायची. म्हणून लायब्ररी लिहिताना प्रत्येक `_नवा`सोबत एक `_सोड` द्या.

`सीफंकटाइप`ने बनवलेला कॉलबॅक कुठल्यातरी व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा. थेट आर्ग्युमेंट म्हणून दिला आणि लायब्ररीने तो पुढच्या वेळेसाठी ठेवून घेतला, तर तो कधीच कचऱ्यात गेलेला असतो.

मसाला_कमी

जावाकडेही हेच का? अँड्रॉइडवर जेएनआयचं (जावा आणि नेटिव्ह कोडमधला पूल) काम समोर आहे.

गावदेवी_गल्ली

दुखणं तेच, औषधं वेगळी. नेटिव्ह मेथड परतली की लोकल रेफरन्स आपोआप सुटतात. लांब लूपमध्ये मात्र साचत जातात. स्पेसिफिकेशन फक्त १६ची हमी देतं, अँड्रॉइड ८.०च्या आधी ५१२ला टेबल भरून प्रोग्रॅम मरायचा. लूपच्या प्रत्येक फेरीत `डिलीटलोकलरेफ`, किंवा `पुशलोकलफ्रेम`-`पॉपलोकलफ्रेम`. तुम्ही स्वतः जोडलेला नेटिव्ह थ्रेड जावाकडे 'परतत' नाही, त्यामुळे तिथले लोकल डिटॅच होईपर्यंत राहतात. कॉलच्या पलीकडे ठेवायचं असेल तर `न्यूग्लोबलरेफ`. लोकल रेफरन्स फील्डमध्ये ठेवणं ही या क्षेत्रातली सर्वात लोकप्रिय चूक.

उलट दिशेला, जावा ऑब्जेक्टमध्ये नेटिव्ह पॉइंटर `लाँग` म्हणून ठेवला असेल तर फायनलायझरवर विसंबू नका. जावा ९पासून तो नापसंत आहे. `ऑटोक्लोजेबल` करा आणि जाळी म्हणून `क्लीनर` लावा. क्लीनरला दिलेला लॅम्डा `धिस` पकडत नाही ना, हे डोळ्यात तेल घालून बघा. पकडला तर ऑब्जेक्ट कायम पोहोचण्याजोगा राहतो आणि क्लीनर कधीच धावत नाही. शिवाय जावाच्या कलेक्टरला ऑब्जेक्ट दिसतो काही बाइटचा. त्याच्यामागे ४० एमबीची नेटिव्ह मेमरी आहे हे त्याला कळत नाही, म्हणून तो निवांत बसतो आणि फोन मरतो.

---

वडाळा_डेपो

कर्जत, डेकने चाललं म्हणून थांबू नका, अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून एकदा खात्री करा. लिनक्सवर:

१. एक्स्टेंशन `-एफसॅनिटाइझ=अ‍ॅड्रेस -जी` आणि `-एफनो-ओमिट-फ्रेम-पॉइंटर` लावून बांधा.
२. पायथन स्वतः सॅनिटायझरशिवाय बांधलेलं असतं, म्हणून `जीसीसी -प्रिंट-फाइल-नेम=लिबएसॅन.एसओ` जो मार्ग देईल तो `एलडी_प्रीलोड`मध्ये.
३. `पायथनमालॉक=मालॉक`. हे विसरलात तर ५१२ बाइटपर्यंतचे पायथन ऑब्जेक्ट पायथनच्या स्वतःच्या अ‍ॅलोकेटरमधून येतात आणि सॅनिटायझरला दिसत नाहीत.
४. `एसॅन_ऑप्शन्स=डिटेक्ट_लीक्स=०`, नाहीतर बाहेर पडताना पायथनच्याच 'गळत्यां'ची यादी येते.

व्हेक्टरवाला जुना कोड आणि `गा२` वापरून चालवा. 'हीप-यूज-आफ्टर-फ्री' येईल, तीन स्टॅकसकट: वाचलं कुठे, सोडलं कुठे, घेतलं कुठे. 'सोडलं'च्या स्टॅकमध्ये `पुश_बॅक` दिसलं की पंतांचं निदान डोळ्यांसमोर.

सॅनिटायझर नसेल तर निदान `पायथन -एक्स डेव्ह`. त्यात डीबग अ‍ॅलोकेटर चालू होतो. सोडलेली मेमरी डीडी बाइटने भरली जाते, नवी सीडीने, दोन्ही कडांना एफडीचं कुंपण. डीबगरमध्ये पॉइंटर डीडीडीडीडीडी असा दिसला की समजा मेलेल्या *पायथन* ऑब्जेक्टला हात लागलाय. सी++च्या मेमरीला हे लागू नाही.

गळती शोधताना `ट्रेसमालॉक`वर भरवसा नको, सी++ने घेतलेलं त्याला दिसत नाही. तेच काम दहा हजार वेळा करा, प्रोसेसची आरएसएस (प्रत्यक्ष व्यापलेली मेमरी) मोजा, परत दहा हजार, परत मोजा. पहिली उडी सोडून द्या, ती कॅशची. पुढे दर टप्प्याला सारखीच वाढ असेल तर गळती. चढून स्थिरावली तर बहुतेक जीलिबसीने मेमरी राखून ठेवलीय. `मालॉक_ट्रिम(०)` बोलावून ती खाली येते का बघा.

---

शेवटची_कर्जत

तीन स्टॅक आले, मधल्यात `पुश_बॅक`.

एक शेवटचं. आता मागणी आली आहे की मधला डबा काढता आला पाहिजे. डेकवर?

पॉइंटरपंत

नाही. डेकमधून मधला घटक काढला की बाकी सगळ्यांचे रेफरन्स बिघडतात. फक्त टोकाचा काढला तरच बाकीचे शाबूत. मधून काढायचं असेल तर `व्हेक्टर<शेअर्ड_पीटीआर<डबा>>` आणि डब्याला शेअर्ड होल्डर. स्लो जिंकले. बाइंडिंगमध्ये एकही फंक्शन नुसता `डबा*` परत करत नाही ना, हे ग्रेप मारून तपासा.

मग काढलेला डबा पायथनकडे असेल तर तो जिवंत राहील, पण कुठल्याच गाडीत नसेल. `ड.प्रवासी = ३००` यशस्वी होईल आणि त्याचा सिम्युलेशनवर काही परिणाम होणार नाही, म्हणजे पहिल्या अवतारातली मुकी चूक परत. डब्यात `जोडलेला` असा एक बूल ठेवा. तुमच्या त्या ३ भरतीच्या बाइटमध्ये तो फुकट बसतो, डबा ४०चाच राहतो. काढताना तो फॉल्स करा आणि सेटरमध्ये तपासून `रनटाइम_एरर` फेका, पायबाइंड त्याचं पायथनचं रनटाइम एरर करून देतं. `डबा(i)`मध्ये `[ ]`ऐवजी `अ‍ॅट` वापरलंत तर चुकीच्या क्रमांकाला इंडेक्स एररही आयती मिळेल.